राज्याचे शून्य हलले, त्याची बखर

श्री. दाही दिशा ज्याच्या सोंडेच्या वळणात मावतात आणि तरीही जो एका पाटावर सुखे बसतो, त्या मंगलमूर्तीस नमन. मागाहून वाग्देवीस नमन, आणि ज्यांस उजवे-डावे चटकन कळत नाही त्या समस्त सज्जनांसही नमन, कारण ही हकीकत त्यांचीच आहे. शके सोळाशे बावन्न, साधारण नाम संवत्सरे, चैत्र मासी, एका राज्यात जे वर्तले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे. राज्याचे नाव सांगावयाचे प्रयोजन नाही. ते कोठे होते हे तेथील लोकांसही नीट सांगता येत नसे. संवत्सर साधारण, परंतु घोळ असाधारण जाहला.

त्या राज्याची रीत ऐसी की, कोणतीही जागा सांगावयाची तर वडाच्या पलीकडे, ओढ्याच्या अलीकडे, नाहीतर हाकेच्या अंतरावर, ऐसे सांगावे. आता पलीकडे म्हणजे कोणत्या बाजूने पलीकडे, आणि हाक म्हणजे कोणाची हाक, हे कोणी विचारीत नसे. कारण विचारणे म्हणजे आपणांस समजले नाही हे कबूल करणे, आणि त्या दरबारात ते फार कमीपणाचे मानीत. मग व्हावयाचे ते होई. राजवैद्यांस आजाऱ्याकडे पाठवावे तो वैद्य धडधाकट पैलवानाच्या घरी जावोन त्यास कडू काढा पाजोन येत, आणि पागेकडे निघालेल्या गवताच्या गाड्या देवळात उतरत आणि पुजारी नैवेद्याकडे पाहोन कोड्यात पडे. एके दिवशी महाराजांची दाढी करावयास निघालेला न्हावी वडाच्या पलीकडे म्हणोन जो गेला तो शेजारच्या राज्यात गेला, आणि तेथील राजाची दाढी करोन, शेला-पागोटे घेवोन परत आला. महाराज वाढल्या दाढीवर हात फिरवीत बोलिले, "हे राज्य आहे की लपंडाव?" आणि दवंडी पिटविली की, जो कोणी राज्यातील हरएक जागेस पक्का ठिकाणा लावोन देईल त्याचा भर दरबारी सन्मान होईल.

त्या दवंडीवरोन दक्षिणेकडील एक शास्त्रीबुवा आले. अंगावर शाल, कपाळी गंध, आणि मुखी ऐसे शब्द की ऐकणाराने तेथे मान डोलवावी आणि घरी जावोन डोके धरावे. त्यांनी दरबारात पांढरे कापड अंथरविले, दोरी कुंकवात बुडविली, आणि एक रेघ पश्चिमेकडोन पूर्वेस आडवी ओढिली, आणि दुसरी दक्षिणेकडोन उत्तरेस उभी ओढिली, आणि जेथे दोहोंची गाठ पडली तेथे सुपारी ठेविली. मग बोलिले, "महाराज, या सुपारीपासोन आडवे किती जावे आणि उभे किती जावे, हे दोन आकडे सांगितले की राज्यातील कोणतीही जागा हाती येते. एका आकड्याने भागत नाही आणि तिसरा लागत नाही. मोजावयास एक लांब दोर घ्यावा, त्याची लांबी तेच एक माप. पूर्वेस आणि उत्तरेस जाणे ते धन, पश्चिमेस आणि दक्षिणेस जाणे ते ऋण. विणकराच्या मागावर ताणा आणि बाणा जेथे भेटतो तेथे हेच आहे, बुद्धिबळाच्या पटावरही हेच आहे, नवीन काही नाही." ऐकोन सर्वांनी माना डोलाविल्या. सर्वांत पुढे मान डोलविली ती गिरमाजीपंतांनी.

हे गिरमाजीपंत म्हणजे राज्याचे मोजणीदार. डोकीस पांढरी शेंडी, हाती काठी, स्वभावे गरीब, परंतु एक खोड ऐसी की, कोणी काहीही सांगितले आणि "समजले?" म्हणोन विचारिले, की पंतांच्या मुखातोन "समजले" हा शब्द विचार येण्याआधी बाहेर पडे. त्या शब्दाच्या बळावर ते शिकाऊ कारकुनाचे मोजणीदार जाहले होते. पोटात मात्र सदा अंधार. पंतांची ही खोड अवघ्या जन्मात एकाच माणसाने ओळखिली, ते त्यांचे कुटुंब, आवडाबाई. त्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढीत आणि पंतांस हौसेने शेवटच्या रेघा जोडावयास सांगत. म्हणत, "इकडून चवथा, मग वर दुसरा, त्या ठिपक्यास रेघ न्या. समजले?" पंत म्हणत, "समजले," आणि रेघ भलत्याच ठिपक्यास नेत, आणि कमळाचे कासव होई. मग आवडाबाई पदर तोंडास लावोन हसत आणि म्हणत, "आधी आडवे, मग उभे, किती वेळा सांगू? तुम्हांस समजले नाही की तुम्ही समजले म्हणता." त्या बाई जावोन काही वर्षे जाहली होती. अंगणात त्यांच्या हातची बकुळ होती आणि बकुळीखाली एक सपाट दगड होता, त्यावर बसोन त्या फुले ओवीत. बाई गेल्यावर त्या दगडावर कोणी बसले नाही, आणि पंतांनी कोणास बसू दिले नाही. पंत स्वतः शेजारी जमिनीवर बसत. रांगोळी बंद जाहली, घर मुके जाहले, आणि पंतांस त्या घरात आपले म्हणावे ऐसे एक ते झाड उरले होते.

असो. दरबारात पुढे काय जाहले ते ऐका. पूर्व परगण्याचे सरदार जिवाजीराव उठोन म्हणाले, "शास्त्रीबुवा, ही सुपारी ठेविली त्या जागेस काय आकडा?" शास्त्री म्हणाले, "तेथे आडवेही शून्य आणि उभेही शून्य. ते आरंभाचे ठिकाण." उत्तर परगण्याचे सरदार हैबतराव म्हणाले, "आणि ते ठिकाण राज्यात कोठे धरावे?" शास्त्री भोळेपणे म्हणाले, "महाराजांची गादी मध्यावर आहे, तेथेच धरावे." जिवाजीरावांनी तलवारीच्या मुठीस हात घातला आणि गर्जिले, "म्हणजे महाराज शून्य? आमचे धनी काहीच नाहीत?" शास्त्रीबुवांच्या तोंडचे पाणी पळाले. परंतु जीव वाचवावयाची विद्या सर्व शास्त्रांत श्रेष्ठ. ते हात जोडोन म्हणाले, "महाराज, सर्व मोजणी जेथोन निघते त्यास शून्य म्हणतात. आपण नसाल तर कोणी कोठेच नाही." हे महाराजांस फार आवडले, आणि आवडले तेच नडले. महाराजांनी तेथेच आज्ञा केली, "तर मग गादीचे काय घेवोन बसलात? जेथे आम्ही तेथे शून्य." शास्त्री काही बोलू पाहात होते, परंतु जिवाजीरावांचा हात अद्यापि मुठीवरच होता, म्हणोन त्यांनी बोलणे गिळिले. महाराजांनी विचारिले, "मोजणीदार, समजले?" आणि पंत म्हणाले, "समजले, महाराज."

मग दुसरा तंटा निघाला तो मानपानाचा. जिवाजीराव म्हणाले की, सूर्य पूर्वेस उगवतो, सबब पूर्वेचा आकडा आधी. हैबतराव म्हणाले की, देव उत्तरेस हिमालयी राहतात, सबब उत्तरेचा आकडा आधी, आणि आजवर पंगतीत आमचे पान दुसरे मांडिले ते सोसले, आता आकड्यांतही दुसरे बसणार नाही. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या लोकांनी निराळाच गलका केला की, आम्ही कोणाचे काही बुडविले नाही आणि आम्हांस ऋण कां म्हणता? महाराजांनी दोन्ही कान झाकिले. त्यांस दोन्ही सरदार हवे होते, आणि दोन्ही सरदारांच्या घरच्या लेकी त्यांच्या राणीवशात होत्या. म्हणोन ऐसा तोडगा काढिला की, शुद्ध पक्षात पूर्वेचा आकडा आधी म्हणावा आणि वद्य पक्षात उत्तरेचा आधी म्हणावा, म्हणजे चंद्रासारखा मानही वाढेल आणि घटेल, कोणी रुसू नये. दोन्ही सरदार संतोष पावले. शास्त्रीबुवांनी डोळे मिटिले. महाराज म्हणाले, "पंत, दवंडी द्या. समजले?" पंतांनी दवंडी दिली.

यानंतर थोडे दिवस महाराज गादीवरच होते, म्हणोन राज्यात बरी मौज जाहली. वैद्य आजाऱ्याकडे पोहोचू लागले, गवत पागेत पडू लागले, आणि न्हावी महाराजांकडे येवो लागला. सोनार म्हणे मी पूर्वेस दोन, उत्तरेस एक. तांबट म्हणे मी पश्चिमेस एक, दक्षिणेस दोन. आणि बायका उसने पीठ मागावयासही आकडे सांगोन मुले पाठवीत. तेव्हां शास्त्रीबुवांस धीर आला आणि त्यांनी नवी गोष्ट सांगितली की, कोणी पूर्वेस तीन दोर जावोन मग उत्तरेस चार दोर गेला तर चाल सात दोरांची होते, परंतु तोच निघाल्या जागेपासोन पोहोचल्या जागेपर्यंत तिरका सरळ गेला तर पाचच दोर. महाराज हर्षले आणि म्हणाले, "आमची पालखी आजपासोन तिरकी." भोई तिरके निघाले. वाटेत हैबतरावांचा वाडा आला, परंतु रेघ ती रेघ, म्हणोन पालखी मागल्या दाराने स्वयंपाकघरात शिरली, आणि चुलीवरची आमटी लवंडली, आणि आचारी पळीसकट मुजरा करिता जाहला, आणि पालखी पुढल्या दाराने निघोन गेली. पंत मात्र रात्रंदिवस एकाच विचारात पडले की, तीन आणि चार सात, आणि तिरके पाच, तर मधले दोन दोर गेले कोठे? कोणास विचारावे तर कमीपणा. ज्यांस विचारिले असते त्या बाई नव्हत्या.

पुढे वैशाख लागला आणि कुंभारवाड्याचे पाणी आटले. तेथील तानूबाई नावाची कुंभारीण, अंगाने काटक आणि जिभेने तिखट, रिकामी घागर घेवोन थेट दरबारात आली आणि ती घागर महाराजांपुढे उपडी ठेविली. म्हणाली, "म्हाराज, चाक थांबलंय. माती भिजवाया पानी न्हाई. पोरं वड्याचं गढूळ पित्यात आन तापानं फणफणत्यात. आमच्या खालच्या खोलगटात तळं खणून द्या, तितं झरा हाय, आमच्या म्हाताऱ्यांनी सांगितल्यालं हाय." महाराजांचे मन द्रवले. शास्त्रीबुवांनी ठिकाणा काढिला. शुद्ध पक्ष चालू होता, म्हणोन पूर्व आधी: पूर्वेस तीन, उत्तरेस सात. महाराजांनी आज्ञा केली, "तीन, सात. तेथे तळे खणावे, आड येईल ते झाड-घर काढावे. पंत, समजले?" पंत म्हणाले, "समजले." तानूबाईने जाता जाता पंतांकडे पाहोन विचारिले, "पंत, खरंच समजलं ना? माझ्या पोरांचा जीव हाय त्यात." पंत म्हणाले, "अहो, समजले म्हटले ना!" मग ज्योतिषांनी खोदाईचा मुहूर्त काढिला तो वद्य प्रतिपदेचा निघाला, आणि पंतांनी बेलदारांस "तीन, सात" इतकाच हुकूम धाडिला.

त्या दिवशी सकाळी पंत पूजा आटपोन अंगणात येतात तो बेलदारांचा नाईक मलकू, पहारी-कुदळींसह आपली माणसे घेवोन बकुळीखाली उभा, आणि बकुळीच्या बुंध्याशी खुंटी ठोकलेली, आणि एकाने झाड तोडावयास कुऱ्हाडीस धार लावावयास घेतलेली. पंत ओरडले, "नाईक, हे काय?" मलकू म्हणाला, "पंत, माफी असावी, हुकूम तुमचाच हाय. तीन, सात. आज वद्य लागला, म्हंजी उत्तर आधी. ही दवंडी बी तुमचीच. उत्तरंला तीन, पूर्वेला सात, गादीपास्नं दोर टाकला तर खुंटी हितं आली." पंतांनी काठीने मातीत दोन रेघा ओढिल्या, आणि तीन-सात मोजिले, आणि पुसोन सात-तीन मोजिले, आणि पुन्हा पुसिले, आणि एकदा तर मोजता मोजता आपण स्वतःच कोठे उभे हे विसरोन बोटे मोजीत बसले. मग बुडत्यास काडी सापडावी तैसे त्यांस आठवले, आणि ते म्हणाले, "नाईक, थांबा! महाराज पहाटेच आमराईत गेले आंबे खावयास. जेथे महाराज तेथे शून्य. गादीपासोन मोजून कसे चालेल?" मलकूने डोके खाजविले. मग माणसे आमराईकडे पळाली आणि तेथोन दोर टाकीत आली, आणि येवोन सांगितले की, वद्याच्या रीतीने मोजिले तर खुंटी नदीच्या मध्यावर जाते, आणि शुद्धाच्या रीतीने मोजिले तर हैबतरावांच्या स्वयंपाकघरात. मलकू म्हणाला, "नदीत तळं कसं खणू, पंत? पाण्यात पाणी? आन सरदारांचं सैपाकघर म्या न्हाई खणायचा, तितला आचारी आदीच भ्यालाय. दिस डोईवर आला की जितं पयली खुंटी हाय तितं कुदळ पडंल. मुहूर्त मोडला तर माझ्या मानेवर."

इतक्यात तानूबाई तेथे आली. तिने बकुळीकडे पाहिले, खुंटीकडे पाहिले, आणि पंतांकडे पाहोन म्हणाली, "पंत, तळं आमचं ना? मग तुमच्या अंगणात कसं? हितं तर कातळ हाय, हितं जलम खणला तरी थेंब न्हाई यायचा." पंतांनी मातीतल्या रेघांवर काठी फिरविली. ती म्हणाली, "तुमी म्हणलावता समजलं." बाईच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले ते पाहोन पंतांस एकदम कळोन चुकले की, आपल्या एका शब्दाने झाडही जाणार आणि पाणीही येणार नाही. दुःख बहुत जाहले. त्याहून लाज बहुत जाहली. आणि भयही वाटले, की आता जावोन खुंटी हलवा म्हणावे तर दोन्ही सरदार म्हणतील, म्हातारा आपले झाड वाचवितो. तरीही काठी टाकोन, पागोटे सावरीत, पंत आमराईकडे धावत निघाले. तिरके गेले, म्हणोन वाटेत हैबतरावांचे स्वयंपाकघर लागले. आचाऱ्याने न विचारता बाजूस होवोन वाट दिली.

आमराईत महाराज झोपाळ्यावर बसले होते आणि झोपाळा चालला होता. जेथे महाराज तेथे शून्य, म्हणोन दोर धरणारे दोघे झोपाळ्याबरोबर मागे-पुढे धावत होते आणि घामाने निथळत होते, आणि त्यांच्या दोरासरशी अवघे राज्य मागे-पुढे होत होते. एका बाजूस जिवाजीराव, एका बाजूस हैबतराव, आणि आंब्याखाली शास्त्रीबुवा मुकाट्याने कोय चोखीत बसले होते. पंत धापा टाकीत आले आणि भुईवर बसोनच म्हणाले, "महाराज, मला समजले नाही." महाराज म्हणाले, "काय समजले नाही?" पंत म्हणाले, "काहीच नाही. तीन-सात समजले नाही, शून्य समजले नाही, आधी कोण तेही नाही. आजवर जे जे समजले म्हणालो ते ते समजले नव्हते." झोपाळा थांबला. दोर धरणारे मटकन खाली बसले. त्या दरबारात हे शब्द पूर्वी कोणी उच्चारिले नव्हते, म्हणोन ऐकणाऱ्यांस ते परक्या मुलखातले वाटले. मग पंतांनी खुंटीची, बकुळीची, कातळाची आणि तानूबाईची सर्व हकीकत सांगितली. हैबतराव हसोन म्हणाले, "सांगा की सरळ, झाड वाचवावयास आलात." पंत म्हणाले, "होय, झाडही वाचवावयाचे आहे. खोटे कशास बोलू? माझ्या कुटुंबाने लाविले आहे. परंतु तिकडे लेकरे तापाने पडली आहेत, आणि माझ्या समजले म्हणण्याने त्यांचे पाणी अडले आहे."

महाराजांनी हातातला आंबा खाली ठेविला. मग हळूच बोलिले, "पंत, आम्हांसही समजले नव्हते." जिवाजीराव घसा खाकरोन म्हणाले, "आम्हांस आधी कोण, इतकेच समजले होते." हैबतराव म्हणाले, "आम्हांसही तेवढेच." तेव्हां सर्वांनी शास्त्रीबुवांकडे पाहिले. शास्त्रीबुवा कोय ठेवोन म्हणाले, "महाराज, शून्य एकदा ठेविले की हलवू नये, आणि आकड्यांची पाळी एकदा ठरविली की बदलू नये, हे दोनच नियम राहिले होते सांगावयाचे. पहिल्या दिवशी सांगणार होतो, तो सरदारांचा हात मुठीवर होता. पुढे कोणी विचारिले नाही, सर्वांस समजले होते." महाराज म्हणाले, "तर मग शून्य ऐसे ठेवा की हलणार नाही. आम्ही काही एका जागी बसत नाही, बसू म्हटले तरी या राज्यात बसवत नाही." लागलीच जिवाजीराव म्हणाले, शून्य आमच्या वाड्यात, आणि हैबतराव म्हणाले, आमच्या वाड्यात. महाराजांनी हात वर केला आणि म्हणाले, "जेथे कोणी बसत नाही आणि कोणी बसू म्हणतही नाही, ऐसी जागा राज्यात आहे काय?"

पंत खाली पाहात म्हणाले, "एक आहे, महाराज. माझ्या अंगणात बकुळीखाली एक दगड आहे. तेथे आमचे कुटुंब बसत असे. आता कोणी बसत नाही." मग महाराज झोपाळ्यावरोन उतरले आणि पंतांजवळ येवोन म्हणाले, "आणि पाळी? पूर्व आधी की उत्तर?" पंत म्हणाले, "ती रांगोळी काढी तेव्हां म्हणे, आधी आडवे, मग उभे. मला ते आज समजले." महाराजांनी आज्ञा केली की, राज्याचे शून्य त्या दगडावर, आणि आडवे आधी, शुद्ध असो की वद्य असो. हैबतरावांचा चेहरा उतरला. तेव्हां शास्त्रीबुवांनी शहाणपण केले आणि म्हणाले, "सरदार, नकाशा काढू तेव्हां उत्तर सदा वरच्या अंगास ठेवू. पूर्व आधी, परंतु उत्तर वर." हैबतरावांनी मिशीस पीळ भरिला आणि म्हणाले, "वर असेल तर आमची ना नाही." जिवाजीराव म्हणाले, "आणि आमचे आधी ना? मग आम्हांस वरचे काय करावयाचे?" ऐसा त्या राज्यातील मोठा तंटा मिटला तो आजवर मिटलेलाच आहे.

मग सर्व मंडळी बकुळीकडे आली. शास्त्रीबुवांनी दगडावर सुपारी ठेविली आणि तेथोन मोजोन पाहिले तो राजवाडा पश्चिमेस सात आणि दक्षिणेस तीन निघाला. सरदार दचकले आणि म्हणाले, "महाराज, घात जाहला! आपण दोन्हीकडोन ऋणात!" महाराज पोट धरोन हसले आणि म्हणाले, "बरे जाहले. आता पश्चिमेचा-दक्षिणेचा कोणी तक्रार करणार नाही. आणि आजवर जेथे जावे तेथे आमचे शून्यच. आम्ही कोठे आहो हे आम्हांस आज पहिल्यांदा कळले." कुंभारवाड्याचा खोलगट दगडापासोन पश्चिमेस चार आणि उत्तरेस चार निघाला. पंत घाबरोन म्हणाले, "परंतु आधी तर तीन-सात होता! खोलगट सरकला काय?" तानूबाई म्हणाली, "पंत, खोलगट हाय तितंच हाय. तुमी मोजाया दुसरीकडं उभं ऱ्हायलाव." पंतांनी तोंड उघडिले, आणि समजले हा शब्द सवयीने ओठांशी आला, आणि त्यांनी तो परतविला आणि म्हणाले, "पुन्हा एकदा सांगा बरे." तिने पुन्हा सांगितले, आणि दिवस डोईवर यावयाच्या आत मलकू नाईकाने तेथे कुदळ मारिली, आणि मुहूर्तही साधला.

झरा लागला तो गोडा लागला. कुंभारवाड्याची चाके फिरो लागली आणि लेकरे ताप उतरोन उन्हात खेळो लागली. नवे पाणी आले त्या दिवशी तानूबाई पहिली घागर घेवोन पंतांच्या अंगणी आली, आणि ती कोणास प्यावयास न देता बकुळीच्या मुळाशी ओतली, आणि निघोन गेली. पंत आत जावोन बराच वेळ रडले. पुढे राज्यात ऐसी वहिवाट पडली की, सुतार, सोनार, शेतकरी, पाहुणे, ज्यास कोठे जावयाचे असेल त्याने बकुळीखाली यावे, दगडापाशी उभे राहावे, आणि आडवे मोजोन मग उभे मोजोन आपल्या वाटेस लागावे. मुके घर माणसांनी भरले. कोणी परदेशी पंतांस विचारी, "बाबा, तुमचे घर कितीवर?" पंत म्हणत, "शून्य, शून्य." तो म्हणे, "म्हणजे येथे काहीच नाही?" पंत म्हणत, "मलाही काही वर्षे तैसेच वाटे. परंतु नव्हे. म्हणजे येथोन मोजावयाचे." दगडावर मात्र अद्यापि कोणी बसत नसे. तीन आणि चारांतले ते दोन दोर तिरके जाताना कोठे जातात, हे पंतांस अखेरपर्यंत कळले नाही; शास्त्रीबुवांनी परोपरीने सांगितले तरी नाही. तेव्हां संध्याकाळी माणसे पांगली की पंत शेजारी जमिनीवर बसत, आणि फुले वेचोन दगडावर ठेवीत, आणि दगडाकडे पाहोन मोकळेपणाने म्हणत, "हे काही समजले नाही हो मला."

एवंच, साधारण नाम संवत्सरी त्या राज्याचे शून्य गादीवरोन उठले, झोपाळ्यावर हेलकावले आणि बकुळीखाली स्थिरावले. तळे जेथे व्हावे तेथे जाहले, पूर्व आधी आणि उत्तर वर राहिली. वाचणाराने आधी आडवे जावे, मग उभे जावे, आणि न समजेल तेथे थांबोन विचारावे. लिहिणारासही दोन दोरांचे उत्तर ठावे नाही, ते येथे उघड लिहिले आहे. हकीकत समाप्त.